दूरचं दर्शन

मंडळी, परदेशातल्या मराठी माणसाचा वीकांत कसा असतो हे एव्हाना तुम्हाला पाठ असेल. सकाळी आठवड्याचा भाजीपाला, दुपारी कपडे धुणं आणि घरी फोन, संध्याकाळी लॅपटॉप टीव्हीला जोडायचा आणि आठवडाभर राहिलेले मालिकांचे भाग एका बैठकीत संपवायचे. मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहतो. हिवाळ्यात आम्ही भारताच्या साडेचार तास मागे असतो. म्हणजे तिकडची रात्री आठची मालिका इथे दुपारी साडेतीनला, ऐन मीटिंगमध्ये! त्यामुळे जे काही बघायचं ते शनिवार-रविवारी, नेटवर.

असं का बघता विचारलं तर ठरलेलं उत्तर असतं.. घरची आठवण येते म्हणून. पुण्या-मुंबईच्या मित्रांच्या बाबतीत ते खरंही असेल. त्यांना मालिकेत त्यांची सोसायटी दिसते, त्यांच्या आईसारखं बोलणारी आई दिसते. मी यवतमाळचा. मला त्यात माझं घर कधीच दिसलं नाही. तरी मी बघतो, आणि मजेत बघतो. असं का होत असावं याचा विचार करता करता थोडा इतिहास चाळला, तेव्हा लक्षात आलं की लांब बसून दुसऱ्यांचा टीव्ही आपला म्हणून बघायचा सराव आम्हाला यवतमाळातच झाला होता.

सुरुवात आइंडहोवनपासूनच करतो, कारण योगायोगाने या प्रकाराचा उगम इथलाच. इथल्या फिलिप्स कंपनीने मार्च १९२७ मध्ये लघुलहरींवरून एक रेडिओ कार्यक्रम थेट डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात पोहोचवला. केंद्राचं नाव पीसीजेजे. त्याच वर्षी राणी विल्हेल्मिना इथून वसाहतीतल्या आपल्या लोकांशी बोलली. पुढे डिसेंबर १९३२ मध्ये बीबीसीने आपली एम्पायर सर्व्हिस सुरू केली. परमुलखातल्या माणसाला मायदेशाचा आवाज ऐकवायचा ही कल्पना अशी जवळपास शंभर वर्षांची आहे. पण त्यात एक गोष्ट बघा. राणी बोलायची, हजारो किलोमीटरवरच्या मळ्यातला माणूस ऐकायचा. त्याला उलट काही सांगायची सोय नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता यवतमाळकडे या.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. 'गजरा', 'चिमणराव' वगैरेंच्या आठवणी निघाल्या की आधीच्या पिढीतले पुणे-मुंबईकर डोळे पुसतात. आमच्याकडे त्या आठवणी नाहीत, कारण तो टीव्ही आमच्याकडे पोहोचलाच नव्हता. मुंबई तिथून सुमारे ७०० किलोमीटर! १९७३ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष गदिमा. गावातलं केवढं मोठं ते कौतुक, पण बघितलं ते फक्त मंडपात बसलेल्यांनी.

टीव्ही जिल्ह्याच्या गावांपर्यंत आला तो ऐंशीच्या दशकात. १५ ऑगस्ट १९८२ ला दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला, आणि १९८४ मध्ये तर काही महिने सरासरी रोज एक नवा प्रक्षेपक देशात कुठे ना कुठे उभा राहत होता. यातले बरेचसे लघुशक्ती प्रक्षेपक. त्यांचं काम सोपं होतं. उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम पकडायचा आणि आसपासच्या काही किलोमीटरमध्ये फेकायचा. तिथे स्टुडिओ नाही, कॅमेरा नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर निव्वळ रिपीटर! मुंबईकरांना आधी मराठी टीव्ही मिळाला, आम्हाला आधी दिल्लीचा हिंदी.

बाबा सांगतात, १९८७ मध्ये 'रामायण' लागायचं तेव्हा शेजारच्यांच्या ओसरीवर पन्नासेक माणसं असायची आणि एक पोरगा टिनाच्या छपरावर अँटेना धरून उभा असायचा. चित्र हललं की खालून ओरडा. त्या पोराला स्वतःला मात्र काहीच दिसायचं नाही. तो पोरगा म्हणजे आमचे बाबा :-)

मग केबल आली. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी, १९९९ मध्ये अल्फा मराठी (तेच २००५ मध्ये झी मराठी झालं), २००० मध्ये ई टीव्ही मराठी. अखेर आपल्या भाषेतला टीव्ही घरात आला. पण भाषा 'आपली' म्हणजे कुणाची? आम्ही घरी 'मले', 'तुले', 'काऊन' म्हणणार, आणि पडद्यावर असं बोलणारा माणूस आला की तो बहुधा हसवायलाच आलेला असायचा. वऱ्हाडी बोलणारे आमचे भारत गणेशपुरे 'चला हवा येऊ द्या'मध्ये घराघरांत पोहोचले याचा आनंद आहेच, पण तेही विनोदाच्याच दारातून.

आता माझ्या आवडीचा भाग. २००८-०९ चं 'लिटिल चॅम्प्स' आठवतंय ना? कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित. मी तेव्हा अकरा वर्षांचा. अख्खा महाराष्ट्र बघत होता म्हणतात, पण यवतमाळात बघायला वीज लागायची! भारनियमनाचे दिवस ते. राज्यात मागणी जास्त आणि वीज कमी, आणि लहान गावांच्या व खेड्यांच्या वाट्याला अंधाराचे तास अधिक. वीज तयार होत होती शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, हे वेगळंच.

माझी एक मावशी तेव्हा न्यू जर्सीत होती. ती हाच कार्यक्रम यूट्यूबवर बघायची. यूट्यूबने २००६ मध्ये एका व्हिडिओला दहा मिनिटांची मर्यादा घातली होती, ती २०१० मध्ये पंधरा मिनिटांची झाली. त्यामुळे कुणीतरी उत्साही माणूस एका भागाचे पाच-सहा तुकडे करून चढवायचा. अर्थात बिनपरवाना. मधलाच तुकडा उडवलेला निघाला की मावशीचा जीव खालीवर! तरी तिला पूर्ण भाग मिळायचा, आणि आमची वीज नेमकी निकालाच्या वेळी जायची. मग रविवारी फोनवर आई विचारायची, "सांग वो, मंग पुढं काय झालं?" आणि मावशी अमेरिकेतून यवतमाळला सांगायची की मुंबईत कोण काय गायलं.

म्हणजे बघा, मायदेशाचा टीव्ही परदेशात सहज दिसत होता आणि मायदेशात दिसत नव्हता. तेव्हा हे गमतीचं वाटायचं. आज वाटतं की आमची जागा कुठे होती ते यात नेमकं कळतं. मावशी आणि आम्ही, दोघंही त्या टीव्हीच्या दृष्टीने बाहेरगावचेच होतो. फरक एवढाच की तिच्याकडे ब्रॉडबँड होता.

पुढचा तांत्रिक प्रवास तुम्हाला माहीत आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये हॉटस्टार आलं, २०१८ मध्ये झी५. तुकड्यांचा जमाना संपला. त्याऐवजी आली नवी सीमारेषा. कार्यक्रमाचे हक्क देशानुसार विकले जातात, त्यामुळे सर्व्हर आधी तुमचा आयपी पत्ता कुठल्या देशातला आहे ते बघतो आणि मग ठरवतो की तुम्हाला काय दाखवायचं. हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण या हिशेबात 'घर' म्हणजे एक देश. त्या देशातल्या सातशे किलोमीटरचं त्याला काही पडलेलं नसतं.

मग यवतमाळ टीव्हीवर कधीच आलं नाही का? आलं की. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, तेव्हा आलं. मार्च २०१४ मध्ये नरेंद्र मोदींची शेतकऱ्यांशी 'चाय पे चर्चा' आर्णी तालुक्यातल्या दाभडीत झाली, तेव्हा आलं. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक जीव गेले, तेव्हा आलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये अवनी वाघिणीला मारलं, तेव्हाही आलं. आमचं गाव टीव्हीवर दिसलं की आनंद होत नाही, पहिले घरी फोन करावा वाटतो. बाहेर कुणाला 'मी यवतमाळचा' म्हटलं की समोरचा चेहरा जरा गंभीर करतो.. तेही या टीव्हीचंच देणं.

गावात स्वतःचं बोलणारे नव्हते असंही नाही. १९५२ मध्ये जवाहरलाल दर्डांनी 'लोकमत' साप्ताहिक काढलं ते यवतमाळहून. १९७१ मध्ये ते दैनिक झालं ते नागपुरातून, आणि २००८ मध्ये त्या नावाची वृत्तवाहिनी आली ती मुंबईतून. मोठं व्हायचं तर गाव सोडावं लागतं, हे आम्हा आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून मला जानेवारी २०१९ महत्त्वाचा वाटतो. तेव्हा साहित्य संमेलन पुन्हा यवतमाळला आलं, अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि त्यावरून देशभर वादळ झालं. अखेर उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. आमच्याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, 'तेरवं' या नाटकात काम करणाऱ्या. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होतो. होस्टेलवर मोबाइलवर ते भाषण बघितलं. निमंत्रण मागे घेणं चूक होतं असंच माझं मत आहे. पण इतकी वर्षं जी बाई बातमीत मागे, डोक्यावर पदर घेऊन नुसती दिसायची, ती त्या दिवशी माइकसमोर उभी राहून बोलत होती आणि सारस्वत ऐकत होते. आठवलं ना राणीचं? त्या दिवशी दिशा उलटी होती.

आणि आता तर ती रोज उलटते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि ज्या गावात नुसता रिपीटर होता तिथे हजारो कॅमेरे आले. आमचा दुर्गोत्सव कोलकात्याच्या खालोखाल, असं आम्ही अभिमानाने सांगतो. मागच्या नवरात्रात गावातला एक पोरगा मिरवणूक मोबाइलवर लाइव्ह दाखवत होता. चित्र हलत होतं, ढोलाने आवाज फाटत होता, मला धरून ४१ जण बघत होतो. खाली कुणीतरी दोह्याहून लिहिलं, "काऊन बे, थोडा डावीकडं फिरव नं, आमचं घर दिसते तिथून." आणि त्याने फिरवलं! टीव्हीच्या इतिहासात आमच्या सांगण्यावरून कॅमेरा फिरल्याचं मला तरी हे पहिलंच उदाहरण माहीत आहे.

आता काळजीचा मुद्दा. दोन हजारच्या दशकात आमचा केबलवाला आपल्या लोकल चॅनलवर याच मिरवणुका दाखवायचा. गेल्या सुट्टीत त्याच्याकडे चौकशी केली, तर कॅसेट आणि सीड्या कधीच भंगारात गेलेल्या. आजचे व्हिडिओ त्याहून टिकाऊ आहेत असं समजू नका. त्या पोराचं खातं बंद झालं, एखाद्या गाण्याच्या हक्कावरून व्हिडिओ उडाला, की संपलं. मालिकांच्या प्रती जपायला कंपन्या आहेत, कारण त्यात पैसा आहे. ह्याच्या प्रती कोण जपणार?

आपल्यातले निम्मे लोक दिवसभर दुसऱ्यांच्या डेटाचे बॅकअप घेण्याचा पगार घेतात. तर एक विनंती. आपापल्या गावचे असे दहा व्हिडिओ निवडा, काढणाऱ्याला विचारा, मूळ फाइल मागून घ्या, तारीख, ठिकाण आणि कोण बोलतंय हे लिहून ठेवा आणि एक प्रत इंटरनेट अर्काइव्हवर चढवा. एका वीकांताचं काम आहे. मी मिरवणुकीपासून सुरुवात केली आहे. पोरगा आधी जरा संशयानेच बोलला, मग म्हणाला, "घ्या नं दादा, पन नाव माझं टाका." टाकलंय.

मालिकेचे राहिलेले दोन भाग पुढच्या शनिवारी बघीन. ते कुठे जात नाहीत.