घड्याळ मऊ का पडले?

मंडळी, आज एका चित्रापासून सुरुवात करू. चित्र तसे लहानच. वीतभर उंच आणि दीड वीत रुंद. मागे समुद्र आणि खडक, पुढे चार घड्याळे. एक वाळक्या फांदीवर ओल्या धोतरासारखे लोंबते आहे. दुसरे ओट्याच्या कडेवरून ओघळते आहे. तिसऱ्याने एका विचित्र, निजलेल्या चेहऱ्यावर अंग टाकले आहे. चौथे तेवढे घट्ट. पण त्याच्यावर मुंग्या जमल्या आहेत! साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराचे १९३१ सालचे हे चित्र आज न्यू यॉर्कच्या संग्रहालयात आहे.

‘हा काय वेडेपणा?’ असं कुणीही म्हणेल. पण हा वेडेपणा आला कुठून, ते पाहण्यासारखं आहे.

पहिले महायुद्ध चालू होते. १९१६ साली आंद्रे ब्रेताँ नावाचा वीस वर्षांचा वैद्यकीचा विद्यार्थी फ्रान्समधील सँ-दिझिए येथे लष्करी मनोरुग्णालयात काम करीत होता. आघाडीवर मन कोलमडलेले सैनिक तिथं येत. त्यांतल्या एकाची समजूत अशी, की हे युद्ध म्हणजे नुसतं नाटक; तोफगोळे खोटे, जखमा रंगवलेल्या. ब्रेताँ हे कधी विसरला नाही. शहाणी म्हणवणारी राष्ट्रे हिशेबाने, शास्त्राच्या मदतीने लाखो तरुण मारीत होती, आणि वेडा ठरला होता तो हा शिपाई! मग ज्या बुद्धीचा एवढा अभिमान, तिच्यावरच सगळा भरवसा टाकावा काय?

याच रुग्णालयात ब्रेताँची फ्रॉइडच्या विचारांशी ओळख झाली. फ्रॉइडचे म्हणणे थोडक्यात असे : जागेपणी दाबून ठेवलेल्या इच्छा स्वप्नात वेष पालटून येतात. ब्रेताँ रुग्णांची स्वप्ने टिपून घेऊ लागला. पुढे १९१९ साली फिलिप सुपो या मित्राबरोबर त्याने एक प्रयोग केला. लेखणी भरभर चालवायची, मनात येईल ते उतरवायचे, खोडाखोड करायची नाही. १९२४ साली त्याने पॅरिसमध्ये चळवळीचा जाहीरनामा काढला. चळवळीचे नाव कवी आपोलिनेर याने १९१७ मध्ये वापरलेल्या शब्दावरून घेतले. मराठीत आपण तिला अतिवास्तववाद म्हणतो.

‘अति’ म्हणजे इथे पलीकडचे. जागेपण आणि स्वप्न जिथं एकत्र येतात, ते अधिक मोठे वास्तव. दालीच्या चित्रातले खडक त्याच्या कातालोनियातल्या किनाऱ्याचे, अगदी खरे. मऊ पडली ती घड्याळे. आणि वेळ अशी मऊ पडते, हे आपल्याला ठाऊक नाही काय? आजाऱ्याच्या उशाशी रात्र सरता सरत नाही. जत्रेचा दिवस कसा गेला, कळत नाही.

शिक्षकमित्रांना एक सांगावंसं वाटतं. मुलांना हे चित्र दाखवलंत, तर ‘अर्थ सांगा’ म्हणून घाई करू नका. ‘असं स्वप्नात कधी पाहिलं होतं का?’ एवढं विचारा. मोठ्या मुलांना त्या शिपायाची गोष्टही सांगा. वेडा कोण, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या.