हॅम रेडिओ क्लब नेमकं काय करतो?

हॅम रेडिओ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोन चित्रं येतात. एक म्हणजे घराच्या गच्चीवर तारा ताणून परदेशातल्या अनोळखी माणसाशी गप्पा मारणारे आजोबा. दुसरं म्हणजे भूकंप किंवा महापूर आला की रेडिओ घेऊन पोहोचणारे स्वयंसेवक. दोन्ही चित्रं खरी आहेत. पण पहिल्यातून दुसरं कसं तयार होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. मी पुणे जिल्ह्यातल्या एका छोट्या क्लबात बरीच वर्षं आहे, त्यामुळे या लेखात मी मुख्यतः तेच सांगणार आहे.

आधी थोडक्यात व्याख्या. हॅम रेडिओ म्हणजे हौशी रेडिओ. सरकारची परीक्षा देऊन लायसन्स मिळवलेल्या व्यक्तीला ठरावीक फ्रिक्वेन्सींवर स्वतःचं स्टेशन चालवता येतं. प्रत्येकाला एक कॉलसाइन मिळते. भारतात ती बहुधा व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होते. यातून पैसे कमवायचे नाहीत, गाणी वाजवायची नाहीत, सांकेतिक भाषेत लपवून बोलायचं नाही. जे बोलाल ते सगळ्यांना ऐकू येईल असंच बोलायचं.

मोबाइल असताना हे कशाला?

हा प्रश्न आम्हाला प्रत्येक प्रदर्शनात विचारला जातो. उत्तर मोबाइल टॉवरच्या पोटात आहे. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, ती काही तासांत संपते. मग जनरेटर. पण रस्ता पाण्याखाली असेल तर डिझेल पोहोचत नाही. टॉवर सुरू असला तरी त्याला जोडणारी फायबर केबल तुटली की तो नुसताच उभा. हॅम स्टेशनला मधे कुणी लागत नाही. एक सेट, एक बारा व्होल्टची बॅटरी, एक तार, आणि समोर तसंच दुसरं स्टेशन.

जवळच्या अंतरासाठी आम्ही १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतो. हातातला सेट साधारण पाच वॅटचा असतो. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, म्हणजे मधे डोंगर आला की संपलं. आपल्या सह्याद्रीत तर डोंगरच डोंगर. म्हणून उंच जागी रिपीटर बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने तेच पुन्हा सोडतो. या दोन्हींत बहुधा ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. क्लब म्हणजे बऱ्याच अंशी हा रिपीटर जिवंत ठेवणं. वीज पडते, माकडं केबल ओढतात, आणि बॅटरी बदलायची वेळ आली की तीस किलोचं धूड बांबूला बांधून चौघांनी डोंगरावर न्यायचं. 'कम्युनिटी सर्व्हिस' या गोड शब्दात हे कुठे दिसत नाही.

लांबच्या अंतरासाठी शॉर्टवेव्ह. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर वीस मीटर लांबीची तार, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर, जमिनीपासून फार उंच न नेता बांधली की लहरी जवळपास सरळ वर जातात आणि आयनांबरावरून परावर्तित होऊन दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात खाली उतरतात. दिवसा हे उत्तम चालतं. मधे कितीही डोंगर असू देत, लहरी त्यांच्या डोक्यावरून येतात. पूर आलेल्या तालुक्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी निरोप पोहोचवायला मी तरी पहिली हीच तार बांधेन.

रविवारची नेट

आमचा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा कार्यक्रम म्हणजे रविवारी सकाळची नेट. एक जण नियंत्रक होतो, बाकीचे कॉलसाइन सांगून हजेरी लावतात, मग प्रत्येकी एक निरोप देतात-घेतात. बस्स. नवीन मुलं दोन आठवड्यांत कंटाळतात. मीही कंटाळलो होतो.

माझा कंटाळा एका धावण्याच्या स्पर्धेत उतरला. डोंगरातला मार्ग, बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, म्हणून आयोजकांनी सुरक्षेसाठी क्लबची मदत मागितली होती. मी मधल्या चौकीवर होतो. एक धावपटू चक्कर येऊन बसला. मी घाईघाईत सांगितलं, "दोनशे एकोणसाठ नंबर, चक्कर, अँब्युलन्स पाठवा." खाली ऐकू गेलं, "दोनशे एकोणसत्तर." डॉक्टर निघाले ते २६९ नंबरचा फॉर्म घेऊन. त्यात मधुमेहाच्या रकान्यात 'नाही' होतं. २५९ च्या फॉर्मवर 'आहे' होतं. डॉक्टर अनुभवी, त्यांनी आल्या आल्या साखर तपासली आणि सगळं निभावलं. पण खाली २६९ नंबरवाल्याची बायको वीस मिनिटं रडत होती, आणि तो आपला मजेत धावत येत होता.

आमच्या क्लबात तार खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. २०१३ च्या जुलैत सरकारने तार सेवा बंद केली, तेव्हा त्यांनी घरी शॉर्टवेव्हवर मोर्स सुरू ठेवला. त्या दिवशी ते मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आकडा सुटा सांगायचा रे. दोन, पाच, नऊ. आणि समोरच्याकडून परत वदवून घ्यायचा."

मराठी आकड्यांचा हा घोळ खरंच मोठा आहे. एकोणसाठ-एकोणसत्तर, त्रेपन्न-त्रेसष्ट, सत्तावन्न-सत्त्याण्णव. खरखरीत हे सगळे सारखेच ऐकू येतात. इंग्रजीसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी अक्षरं सांगायची पद्धत जगभर आहे. मराठीत आम्ही सुटे आकडे आणि परत वाचन, एवढाच नियम ठेवला. निरोपाचा कागदही ठरलेला आहे: क्रमांक, वेळ, कुणाकडून, कुणाला, किती निकडीचा, शब्द किती. शब्द मोजायचे, कारण घेणाऱ्याने लिहिलेले शब्द तेवढेच भरले नाहीत तर काहीतरी सुटलंय हे लगेच कळतं. रविवारी हेच पुन्हा पुन्हा करतात. त्या स्पर्धेनंतर माझ्या नेट फारशा चुकल्या नाहीत.

पावसाळ्याआधी आम्ही एक रात्रभराची तालीमही करतो. घरची वीज वापरायची नाही, फोन बंद. पहिल्या वर्षी रात्री दोनपर्यंत निम्मी स्टेशनं गप्प झाली होती. कारण साधं: शंभर वॅटचा सेट ऐकताना साधारण एक अँपिअर घेतो, पण बोलताना वीसच्या आसपास. स्कूटरच्या बॅटरीवर बढाया मारणाऱ्यांची (त्यात मीही) तिथेच जिरली.

आपत्तीत काय घडलं आहे

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात हॅम मंडळींनी संपर्क सांभाळला. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपातही अनेक राज्यांतले हॅम कच्छमध्ये गेले.

पण मला सर्वांत बोलकं उदाहरण अंदमानचं वाटतं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद (व्हीयू२आरबीआय) आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला निव्वळ हौसेसाठी गेले होते. अंदमान-निकोबारमधून अनेक वर्षं हॅम स्टेशन चाललं नव्हतं, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांच्याशी संपर्क साधायला आतुर होते. २६ डिसेंबरला सकाळी भूकंप आणि त्सुनामी आली. त्यांच्याकडे सेट लावलेले होते, अँटेना उभ्या होत्या, हात सरावलेले होते. काही तासांत तेच स्टेशन बेटांचा मुख्य भूमीशी दुवा बनलं, आणि पुढे कार निकोबारलाही स्टेशन उभं राहिलं.

रोजच्या सेवेचं उदाहरण पश्चिम बंगालमध्ये आहे. तिथला वेस्ट बंगाल रेडिओ क्लब गंगासागर यात्रेत हरवलेल्यांना घरच्यांशी जोडून देतो. भाषा न कळणारी, पत्ता न आठवणारी म्हातारी माणसं असतात. इतर राज्यांतल्या हॅमना त्यांचं वर्णन कळवून गाव शोधलं जातं.

एक कायदेशीर बाब लक्षात ठेवा. एरवी हॅमने त्रयस्थ व्यक्तींचे निरोप पोहोचवायचे नसतात. आपत्तीत नेहमीची दळणवळण यंत्रणा कोलमडली की सक्षम सरकारी अधिकाऱ्यांसाठी ही सूट मिळते. म्हणून चांगला क्लब जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाशी आधीच ओळख ठेवतो. पूर आल्यावर सेट घेऊन दारात उभं राहिलात तर "तुम्ही कोण?" इथपासून सुरुवात होते.

यायचं असेल तर

वयाची अट किमान १२ वर्षं. अर्ज दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' पोर्टलवर करायचा. परीक्षेत रेडिओचं मूलभूत तंत्र आणि नियम असे दोन भाग असतात. 'रिस्ट्रिक्टेड' श्रेणीला मोर्स लागत नाही, 'जनरल'ला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स यावा लागतो. माझा सल्ला: आधी रिस्ट्रिक्टेड घ्या, मोर्स नंतर शिका. आणि ऑनलाइन मिळणारा स्वस्त हँडसेट लायसन्सआधी घेऊन बोलायला लागू नका, तो गुन्हा आहे.

क्लबात पहिल्यांदा गेलात की लोक तुम्हाला अँटेनांविषयी तासभर ऐकवतील. ऐकून घ्या. मग विचारा, "नेट कधी असते?" आमची रविवारी सकाळी आठला असते. काका अजूनही पावणेआठलाच येऊन बसतात.