तबकड्यांची पाकिटं

मिहानसाठी खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, शिवणगाव अशा गावांतली शेतजमीन गेली. आमचीही गेली. घर हलवताना आजोबांच्या तबकड्यांची पेटी निघाली.

लाखेची तबकडी दहा इंची, मिनिटाला 78 फेरे, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं गाणं. हातातून सुटली की काचेसारखी फुटते. धूळ बसली की सुई खरखरते. दुकानातलं खाकी पाकीट दोन-चार उन्हाळ्यांत फाटायचं. मग आजी वर्तमानपत्राचं करी. कागदाची दुहेरी घडी, दोन्ही कडा दुमडून मैद्याच्या खळीनं चिकटवायच्या, वरची बाजू उघडी. मधोमध वाटी ठेवून गोल कापायचं, म्हणजे तबकडी न काढता गाण्याचं नाव दिसतं. "खळीत चिमूटभर मोरचूद टाक वो, नाही तं झुरळं खातीन," आजोबा सांगत.

एका पाकिटावर 1955 ची तारीख आहे. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात आला. पाकिटांच्या कोऱ्या कडेला आजोबांच्या पेन्सिलीच्या नोंदी आहेत: पेरणी कधी झाली, विहिरीला किती हात पाणी होतं. सातबाऱ्यावर जमीन किती ते होतं. ती कशी होती, हे या कडांवर आहे.

मुलगा म्हणाला, "बाबा, प्लास्टिकची नवी पाकिटं मागवू."

"मागव. तबकड्या त्यात ठेवू. ही मात्र फेकू नको, वहीत सपाट ठेव."