किटीचं आजोळ

एखाद्या घराण्याचा इतिहास शोधायचा म्हटलं, की आपण आधी वंशावळ मागतो. आपल्याकडे ती तीर्थक्षेत्रांतल्या उपाध्यायांच्या वह्यांत सापडते. सय्यदांच्या घरांत तिला शजरा म्हणतात. स्कॉटलंड-इंग्लंडकडे ती चर्चच्या नोंदवह्या आणि मृत्युपत्रं यांतून जुळवावी लागते. मुलूख वेगळे, धर्म वेगळे. पण ही सारी कागदपत्रं एका बाबतीत सारखीच वागतात. बापाकडून मुलाकडे जाणारी रेघ ठळक असते आणि आईची रेघ जागोजाग तुटलेली असते. एका स्त्रीची अशी तुटलेली रेघ पुन्हा कशी जुळली, त्याची ही हकिगत आहे.

इंग्लंडमधल्या टॉर्की या समुद्रकाठच्या गावी १८८९ मध्ये एक वृद्ध बाई वारल्या. नाव कॅथरीन ऑरोरा फिलिप्स, माहेरच्या कर्कपॅट्रिक. घरचे त्यांना किटी म्हणत. कर्कपॅट्रिक घराण्याचं मूळ दक्षिण स्कॉटलंडच्या डम्फ्रीसशायर भागातलं. किटीचे आजोबा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत कर्नल होते. वडील जेम्स अकिलीस यांचा जन्म १७६४ चा, मद्रासच्या किल्ल्यातला. इथवर सारं सरळ आहे. पण किटीच्या बाप्तिस्म्याची नोंद पाहिली, की माणूस थबकतो. नोंद लंडनची, १८०६ ची आणि त्या वेळी मुलगी जवळजवळ चार वर्षांची! मग तोवर ती कोण होती?

ती होती नूरुन्निसा, साहिब बेगम. जन्म ९ एप्रिल १८०२, हैदराबाद.

तिची आई खैरुन्निसा ही निजामाचे दिवाण मीर आलम यांच्या नात्यातल्या सय्यद घराण्यातली. या घराण्याची मुळं इराणात होती. जेम्स कर्कपॅट्रिक हे निजामाच्या दरबारातले कंपनीचे रेसिडेंट. १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी, १७९८ मध्ये निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. तो घडवून आणण्यात जेम्स यांचा मोठा हात होता. दरबाराने त्यांना ‘हशमत जंग’ हा किताब दिला. ते फारसी बोलत, हैदराबादी पोशाख करत. खैरुन्निसेशी त्यांनी इस्लामी पद्धतीने निकाह केला. कंपनीच्या वरिष्ठांना हे रुचलं नाही. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने चौकशी लावली. नोकरी कशीबशी वाचली.

मुलांचं भवितव्य मात्र वाचलं नाही. आई किंवा वडील हिंदुस्थानी असतील, तर त्या माणसाला कंपनीच्या मुलकी आणि लष्करी जागांवर घ्यायचं नाही, असा नियम १७९१ मध्येच झाला होता. तेव्हा मुलांना विलायतेला धाडायचं ठरलं. साहिब बेगम तीन वर्षांची, तिचा भाऊ साहिब आलम चार वर्षांचा. १८०५ मध्ये, जहाज सुटण्यापूर्वी, मद्रासला चित्रकार जॉर्ज चिनरी याने हैदराबादी पोशाखातल्या या दोन लेकरांचं मोठं तैलचित्र काढलं. मुलं जहाजातच असताना, १५ ऑक्टोबर १८०५ रोजी, जेम्स कलकत्त्याला वारले. लंडनला पोचल्यावर साहिब आलमचा विल्यम जॉर्ज झाला आणि साहिब बेगमची कॅथरीन. आईशी पुन्हा कधीच गाठ पडली नाही. खैरुन्निसेला पुढे हैदराबादेतून दूर, मछलीपट्टणला दिवस काढावे लागले. १८१३ मध्ये ती वारली, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती.

किटी विलायतेत मोठी झाली. कर्कपॅट्रिक नातलगांच्या घरी १८२४ मध्ये तिची थॉमस कार्लाइलशी ओळख झाली. हा लेखकही डम्फ्रीसशायरचाच. त्याच्या ‘सार्टर रिसार्टस’मधली ब्लूमिन ही नायिका किटीवरून बेतली, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे इंग्रजी साहित्याने तिची नोंद घेतली. १८२८ मध्ये भाऊ गेला, १८२९ मध्ये तिचं लग्न झालं. बाप्तिस्म्याआधीची चार वर्षं आता आठवणारी ती एकटीच उरली होती.

मग एका भेटीत दार उघडलं. बर्कशायरमधल्या स्वॅलोफील्ड इथे हेन्री रसेल यांचं घर होतं. रसेल हैदराबादला जेम्स यांच्या हाताखाली होते आणि पुढे तिथले रेसिडेंट झाले होते. त्या घरात गेलेली किटी भिंतीवरचं चित्र पाहून जागीच थांबली. चिनरीचं ते चित्र होतं. तिचा भाऊ आणि ती स्वतः. तिला रडू आवरेना.

त्यानंतर तिला कळलं, की आजी, खैरुन्निसेची आई शरफुन्निसा, हैदराबादला हयात आहे. रेसिडेन्सीत काम केलेल्या एका अधिकाऱ्यामार्फत पत्रव्यवहार सुरू झाला. नात इंग्रजीत लिहायची, आजी फारसीत उत्तर द्यायची. मधे जवळजवळ चाळीस वर्षांचं अंतर आणि दोन भाषा. निघताना आई कुठे बसली होती, ती कशी आक्रोश करत होती, स्वतःचे लांब केस कशी उपटत होती, हे किटीने लिहिलं. तीन वर्षांच्या पोरीला इतकं आठवत होतं! आईच्या केसांची एक बट मिळेल का, असं तिने विचारलं. आजीने ती जपून ठेवली होती. ती बट सातासमुद्रापलीकडे पोचली.

माझ्या मते या पत्रांची किंमत भावनेपुरती नाही. जेम्स यांनी मृत्युपत्रात खैरुन्निसेचं नाव आदराने घेतलं आहे, मुलांच्या नावे पैसाही ठेवला आहे. पण इंग्रजी कायद्याच्या भाषेत तिथे मुलं ‘अनौरस’च आहेत. निकाह झाला होता, ही साक्ष नातीला आजीकडून मिळाली. विलायतेच्या दप्तराने जे मानलं नव्हतं, ते हैदराबादच्या जनानखान्यातल्या एका म्हातारीने सांगितलं. कुणाच्या पोटी, कोणत्या नात्यातून आपण आलो, हे जाणण्याचा हक्क त्या प्रौढ बाईला तिथून मिळाला.

यात एकट्या साहेबालाच दोष देऊन चालणार नाही. आमचा शजराही पुरुषांचाच. मुलगी परघरी गेली, की तिथे तिची रेघ संपते. नूरुन्निसा दोन्हीकडच्या वह्यांच्या समासाबाहेर पडली होती.

आजी १८४७ मध्ये वारली. दोघींची भेट झालीच नाही. पत्रं मात्र नातलगांनी जपली. एडवर्ड स्ट्रेची यांनी १८९३ मध्ये ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये ही कथा लिहिली आणि २००२ मध्ये विल्यम डॅलरिम्पल यांच्या ‘व्हाइट मुघल्स’ या ग्रंथाने ती जगभर नेली. जेम्स यांनी बांधलेली कोठी रेसिडेन्सी हैदराबादेत आजही उभी आहे.

आपल्यापैकी अनेक जण हल्ली घराण्याचा इतिहास लिहून काढतात. चांगली गोष्ट आहे. सनदा पाहा, सात-बारा पाहा, दप्तरं धुंडाळा. पण आजी हयात असेल, तर आधी तिच्यापाशी बसा. तिच्या आईचं नाव विचारा, त्या आईचं माहेर विचारा. उत्तर कुठल्याच वहीत नसेल, तर ते आजच लिहून ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)