लगामाची अर्धी आठवण

मराठी वर्तमानपत्रांत बिबट्या 'जेरबंद' होतो, फरारी आरोपी जेरबंद होतो. या शब्दाचा घोड्याशी काही संबंध असेल, असे आज कोणाच्या मनातही येत नाही. फारसीत 'झेर' म्हणजे खाली आणि 'बंद' म्हणजे पट्टा. घोड्याने मान वर झुगारू नये म्हणून पोटाखालच्या तंगापासून पुढच्या पायांमधून वर लगामाकडे नेलेली चामड्याची वादी म्हणजे जेरबंद. वादी गेली, घोडाही दृष्टीआड झाला आणि भाषेत फक्त पकडणे उरले. 'लगाम' या शब्दाचेही असेच झाले आहे. खर्चाला लगाम, जिभेला लगाम, बेलगाम वागणे. या सर्व प्रयोगांत लगाम म्हणजे निव्वळ अटकाव. आमच्या मते ही त्या वस्तूची अर्धीच आठवण आहे, आणि उरलेले अर्धे विसरल्यामुळे आपल्या वाचनाचे नुकसान होते.

वस्तू मुळात कशी आहे ते आधी पाहू. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत हिरडीची एक मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी कांब तेथे, जिभेवर आडवी बसते. मधोमध सांधा असलेल्या साध्या लगामात हाताची ओढ सरळ तोंडापर्यंत पोहोचते. दुसऱ्या प्रकारात कांबेच्या दोन्ही टोकांना खाली दांड्या असतात आणि हनुवटीखाली साखळी असते. येथे तरफेचे तत्त्व लागू होते, त्यामुळे हाताची लहानशी ओढ तोंडात मोठी होते. ड्रेसाज या अश्वकलेच्या वरच्या पायरीवर हे दोन्ही लगाम एकाच वेळी चढवण्याची परंपरा आहे. तेव्हा स्वाराच्या हातात चार वाद्या येतात. साधन जितके तीव्र, तितका हात हलका हवा, हा या कलेचा मूळ नियम. जिथे ओढावे लागते तिथे शिक्षण अपुरे राहिले आहे, असे समजतात.

हा विचार नवा नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक लेखकाने अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला. घोडेस्वाराजवळ गुळगुळीत आणि खरखरीत असे दोन लगाम असावेत, ताठ कांबेपेक्षा लवचिक कांब बरी आणि जबरदस्तीने करून घेतलेल्या हालचालीत सौंदर्य नसते, असे तो सांगतो. अमरकोशात लगामासाठी 'कविका' आणि 'खलीन' हे शब्द आहेत. यांतील 'खलीन' ग्रीक 'खालिनोस'वरून आला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे फारसी 'लगाम' टाकून संस्कृत शब्द घ्यावा, तर तोही परदेशातून आलेला निघतो. घोड्याबरोबर त्याचे शब्दही देशोदेशी फिरले.

कठोपनिषदातील रथाचे रूपक आपण वर्गात शिकवतो. इंद्रिये घोडे, बुद्धी सारथी आणि मन लगाम. मराठीत मात्र आपण 'मनाला लगाम घाला' म्हणतो. उपनिषदात लगाम मनाला घालायचा नाही, मन हाच लगाम आहे. घोड्यांचा ताण सारथ्याला आणि सारथ्याची इच्छा घोड्यांना कळवणारा तो दुवा आहे. लगाम म्हणजे बंदी एवढेच धरले तर हे रूपक लंगडे होते.

इतिहासाकडे वळले तर आमचा मोडनिंबचा परिसर भीमेच्या खोऱ्यातला. 'भीमथडी' हे नावच भीमेच्या काठावरून पडले, आणि भीमथडीच्या घोड्याला अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळाली. मराठी घोडदळात शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, बारगिराला सरकारी पागेतला मिळे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे, हे सभासदाच्या बखरीवरून कळते. पागेतला घोडा एकाच माणसाच्या हाताखाली कायम राहीलच असे नव्हते. भाला पेलणाऱ्या स्वाराला लगाम एकाच हातात धरावा लागे. अशा वेळी ओढाताण करून घोडा वळवणे शक्य नव्हते. तो खुणेवर वळणाराच हवा होता. बखरीतल्या 'घोडे घातले' या दोन शब्दांमागे हे सारे शिक्षण उभे आहे.

मोडनिंबहून पंढरपूर दूर नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत अंकलीच्या शितोळे सरकारांकडून दोन अश्व येतात. रिंगणात एकावर ध्वज घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणी बसत नाही, त्यावर माउली आरूढ आहेत अशी वारकऱ्यांची श्रद्धा. तोंडाशी लगाम आहे, पण तो धरणारा हात नाही. तरी गर्दीच्या कड्यामधून तो अश्व धावतो. शिक्षण मुरले की ओढ लागत नाही, याचे इतके उघड उदाहरण आम्हाला दुसरे ठाऊक नाही.

ही बाब केवळ जुन्या काळाची नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक मिळवले. त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. याच खेळात नाकावरचा पट्टा आवळून घोड्याचे तोंड मिटून टाकण्यावर गेली अनेक वर्षे टीका होत आली. अस्वस्थ घोडा तोंड उघडतो. पट्टा घट्ट केला की ती तक्रार परीक्षकांना दिसत नाही. अखेर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने हा पट्टा किती घट्ट आहे हे मोजण्याचे साधन लागू केले. लगामातून संवाद चालतो की फक्त तोंड बंद होते, हा झेनोफनचाच प्रश्न आजही खेळाच्या मैदानावर उभा आहे.

आम्हा साहित्य शिकवणाऱ्यांनाही तो टाळता येत नाही. वृत्त म्हणजे कवीच्या कल्पनेला घातलेला लगाम, असे आपण सर्रास सांगतो आणि विद्यार्थी त्याचा अर्थ बेडी असा घेतो. लगाम खरा कसा असतो हे त्याला एकदा समजावून सांगितले, तर तेच वाक्य त्याला वेगळे ऐकू येईल. वृत्तात कवीचा हात आणि भाषेचे तोंड एकमेकांना जाणवत असतात. ते जाणवेनासे झाले, की वृत्त आणि जेरबंद यांत फरक राहत नाही.