मुठीतले विमान आणि इतिहासाचे प्रमाण

खेळण्यांचा इतिहास हा विषय आपल्याकडील विद्वानांनी अद्याप फारसा मनावर घेतलेला नाही. नाणी, ताम्रपट आणि बखरी यांत आयुष्य घालविणारा गृहस्थ प्लॅस्टिकचे तुकडे जोडून वीतभरही न भरणारे विमान करणाऱ्याकडे पाहून हसतो. आणि वरवर पाहता ते हसणे गैरवाजवी आहे असेही म्हणवत नाही. पुठ्ठ्याच्या एका पेटीत चौकटीला लटकलेले लहानमोठे तुकडे, ते जोडण्याचा अनुक्रम सांगणारा एक कागद, आणि पाण्यात भिजवून चिकटवावयाची रंगीत चिन्हे, एवढाच तो संसार! तथापि या संसाराचा जरा जवळून परिचय करून घेतला असता त्यात इतिहासाच्या अभ्यासकाने विचार करावा असे काही आहे, असे आम्हांस वाटते. हलक्या लढाऊ विमानांपैकी आपल्या विशेष ओळखीचे जे ‘नॅट’, त्याची प्रतिकृती उदाहरणादाखल घेऊन ते काय हे पाहण्याचा येथे विचार आहे.

या छंदाला शिस्त लागली ती १९३२ साली, इंग्लंडात. त्या वर्षी ‘स्कायबर्ड्स’ या नावाने लाकडी विमानांचे संच विक्रीस आले. त्यांचे रचनाकार जेम्स हे स्टीव्हन्स यांनी एक साधा नियम घालून घेतला. विमान कोणतेही असो, मूळचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीतला एक इंच. बहात्तरास एक हे माप येथून रूढ झाले. सहा फुटी वैमानिक एक इंचाचा झाला, आणि त्याच्या मानाने बाकीचे सर्व आपोआप ठरले. ज्या खेळण्यास असा नियम नसतो तेथे विमानाचा आकार पेटीच्या आकारावरून ठरतो. बलाढ्य बाँबफेकी विमान आणि चिमुकले टेहळणीचे विमान दोन्ही एकाच लांबीची होऊन शेजारी शेजारी बसतात. आपल्या मुलांच्या दिवाळीतील किल्ल्यावर पहारेकरी दरवाजाहून उंच असतो आणि वाघ बुरुजाएवढा असतो. त्या किल्ल्याची गोडी आम्ही जाणतो. पण राजगड केवढा आहे हे त्यावरून कोणी शिकत नाही. मराठीत मापाचे गुणोत्तर आणि पुरावा या दोहोंसही ‘प्रमाण’ हा एकच शब्द आहे. नैयायिकांच्या मनात विमाने नव्हती हे उघड आहे, परंतु या छंदाच्या बाबतीत दोन्ही अर्थ एका ठिकाणी येतात. प्रतिकृती एका प्रमाणात असली तरच ती कशाचे तरी प्रमाण होऊ शकते.

प्लॅस्टिक आले ते १९३६ साली. ‘फ्रॉग’ या नावाने खरोखर उडणारी खेळण्यातील विमाने विकणाऱ्या मंडळींनी त्याच मापाची, पण न उडणारी विमाने काढली, आणि त्यांस नाव दिले ‘पेंग्विन’, म्हणजे ज्यास पंख असून उडता येत नाही तो पक्षी. इंग्रजी विनोदाचा हा मासला आम्हांस आवडतो. ही विमाने सेल्युलोज ॲसिटेटची होती. तो पदार्थ कालांतराने वाकतो आणि आक्रसतो, त्यामुळे त्या वेळच्या प्रतिकृती आज सुरेख स्थितीत क्वचितच सापडतात. पुढे महायुद्ध पेटले आणि हे खेळणे एकाएकी सरकारी कामास आले. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने तेथील शाळांकडे पाच लाख विमाने मागितली! मुलांनी ती बहात्तरास एक या मापाने लाकडात कोरावयाची, काळी रंगवावयाची, आणि सैनिकांनी ती दुरून पाहून आपले विमान कोणते व शत्रूचे कोणते हे ओळखण्याचा सराव करावयाचा. हिशेब सोपा होता. पस्तीस फुटांवर टांगलेली प्रतिकृती सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. माप चुकले तर अंतराचा अंदाज चुकणार, आणि अंतर चुकले तर गोळी. ज्या नियमाचा उगम हौसेत झाला होता त्यावर आता माणसांचे प्राण अवलंबून राहिले.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन हा अधिक चांगला पदार्थ हाती आला. तो वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरावयाचा, थंड झाला की चौकटीसह सर्व भाग एका झटक्यात बाहेर. ‘एअरफिक्स’ ही इंग्लंडातील कंपनी निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या गृहस्थाने १९३९ साली काढली. ती काही काळ फण्या करीत होती. १९५२ साली तिने ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचा स्वस्त संच काढला आणि पुढच्याच वर्षी ‘स्पिटफायर’ विमानाचा. तेव्हापासून मध्यम वर्गातील मुलाच्या खाऊच्या पैशांत विमान येऊ लागले. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. तुकडे स्वस्त असले तरी साचा महाग असतो. जे विमान पुष्कळ खपेल त्याचाच साचा कोरला जातो. या व्यापारी गोष्टीचा इतिहासाशी काय संबंध, ते आता नॅटच्या कथेत दिसून येईल.

‘नॅट’ म्हणजे चिलट. डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर या इंग्रज रचनाकाराने ते निर्माण केले. ‘लायसँडर’ आणि ‘कॅनबेरा’ ही विमाने त्याच्याच हातची. लढाऊ विमाने दिवसेंदिवस जड, गुंतागुंतीची आणि महाग होत चालली आहेत, असे सर्वजण कबूल करीत. पण त्यावर उपाय म्हणून अगदीच छोटे विमान करून दाखविण्याची जिद्द पेटरने धरली. ‘मिज’ हा पहिला नमुना १९५४ च्या ऑगस्टात उडाला, आणि खुद्द नॅट १८ जुलै १९५५ रोजी. पंखांचा विस्तार बावीस फुटांच्या थोडा वर. जमिनीपासून इतके ठेंगणे की त्याची पुष्कळशी देखभाल शिडीवाचून उभ्यानेच करता यावी. इंग्लंडने हे लढाऊ विमान स्वतःकरिता घेतले नाही. फिनलंड व युगोस्लाव्हिया यांनी थोडी घेतली. आपण मात्र १९५६ साली ते बांधण्याचा परवाना घेतला. १९५९ साली बंगळुरास सुट्या भागांवरून जोडलेले पहिले नॅट उडाले आणि १९६२ मध्ये संपूर्ण येथे घडविलेले.

आता प्रमाणाचा चमत्कार पाहावा. आमच्या मेजावर बहात्तरास एक या मापाच्या दोन प्रतिकृती शेजारी ठेविल्या आहेत. एक पाकिस्तानने वापरलेल्या अमेरिकन ‘सेबर’ विमानाची, दुसरी नॅटची. सेबरचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे पावणेसोळा सेंटिमीटर भरतात. नॅटचे साडेनऊ सेंटिमीटरही भरत नाहीत. नॅट अक्षरशः मुठीत मावते. १९६५ च्या युद्धाचे वर्णन करणाऱ्या पुस्तकांत ‘नॅट आकाशात दिसणे कठीण जाई’ असे वाक्य येते आणि आपण ते वाचून पुढे जातो. ही दोन विमाने खोलीच्या दुसऱ्या टोकाशी, नाक आपल्याकडे करून ठेवावी, आणि मग ते वाक्य पुन्हा वाचावे. समोरून सेबरचे रुंद तोंड आणि पंख डोळ्यांत भरतात. नॅटच्या जागी एक ठिपका आणि एक रेघ एवढेच उरते. शब्दाने जे सांगितले होते ते येथे प्रत्यक्ष होते. त्या युद्धात नॅटला ‘सेबरसंहारक’ ही पदवी मिळाली. तिचे श्रेय पहिल्याने वैमानिकांचे, पण त्यातील काही वाटा त्या ठेंगणेपणाचाही होता.

असे असता, भारतीय मुलाने नॅटचा संच मागविला तर पेटीतून निघे काय? निघे ते तांबडे इंग्रजी विमान! इंग्लंडने एका आसनाचे लढाऊ नॅट नाकारले तरी दोन आसनांचे, शिक्षण देण्याकरिता वाढविलेले नॅट स्वीकारले होते; आणि १९६५ ते १९७९ पर्यंत ‘रेड ॲरोज’ या पथकाने त्यावर कसरती करून ते इंग्लंडातील घराघरांत लोकप्रिय केले. एअरफिक्सने साचा कोरला तो या दोन आसनी विमानाचा. खपाच्या दृष्टीने ते बरोबरच होते. त्यांच्या मुलांस जे माहीत तेच त्यांनी विकले. परंतु परिणाम असा झाला की, ज्या विमानाने प्रत्यक्ष युद्ध केले त्याची प्रतिकृती कित्येक वर्षे दुर्मिळ, आणि ज्याने केवळ जत्रेत टाळ्या मिळविल्या त्याची दुकानोदुकानी. एक आसनी नॅटचे बरे संच निघाले ते फार उशिरा, आणि तेही परदेशातून. ज्यांनी इतिहास घडविला त्यांनी साचे कोरले नाहीत म्हणजे काय होते, हे पाहावयास याहून नेमके उदाहरण मिळणार नाही.

मधल्या काळातील हौशी मंडळींनी मग करवत हाती घेतली. दोन आसनी विमानाचे धड कापून आखूड करावयाचे, मागच्या आसनावरील काचेचा घुमट काढून तेथे पाठ भरून आणावयाची, पंख लहान करावयाचे. रंगारी भेगा बुजविण्यास जे लुकण वापरतात तसल्याने फटी भरून, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून सपाट करावयाच्या. येथे सरस किंवा डिंक चालत नाही. जे पातळ द्रव्य लावतात ते प्लॅस्टिक किंचित विरघळवून दोन्ही कडा एकजीव करते, म्हणजे जोड फसला तर सुटत नाही, पुन्हा कापावाच लागतो. शिक्षणाच्या विमानास तोफा नव्हत्या, तेव्हा दोन्ही बाजूंच्या हवा ओढणाऱ्या तोंडांपाशी तोफांची भोके पाडणे आले. खरी तोफ तीस मिलिमीटर व्यासाची. बहात्तराने भागिले की अर्ध्या मिलिमीटरहून कमी. ते काम शिवणाच्या सुईचे.

अर्थात प्रतिकृती खोटेही बोलते, आणि कोठे बोलते हे जाणणाऱ्यानेच तिच्यावर विश्वास ठेवावा. पंखाची मागची कड एक मिलिमीटर जाड राहिली तर मूळ विमानात ती सात सेंटिमीटर जाड होती असे तिने सांगितल्यासारखे होते. नॅटच्या तोफा ऐन वेळी अडकत, अशी वैमानिकांची तक्रार होती. ती या छिद्रांकडे कितीही निरखून पाहिले तरी दिसावयाची नाही.

जोडणी संपली की रंगाचा प्रश्न येतो, आणि तेथे हा छंद खरोखर इतिहासाच्या हाती सापडतो. ‘नॅटचा रंग कोणता?’ या प्रश्नास उत्तरच नाही. कोणत्या दिवशीच्या नॅटचा, असे विचारिले पाहिजे. १९६५ च्या सप्टेंबरात युद्धास तोंड लागले तेव्हाची विमाने धातूच्या चकचकीत रंगाची. नंतर घाईने त्यांवर हिरवे-मातकट लपविण्याचे रंग चढले, आणि तेही सर्वत्र सारखे नव्हेत. म्हणून करणाऱ्याने आधी तारीख ठरवावी लागते. २२ नोव्हेंबर १९७१ घ्यावी, म्हणजे बोयऱ्यावर चार नॅट आणि सेबर भिडले तो दिवस? की १४ डिसेंबर १९७१, म्हणजे श्रीनगरावर हल्ला चालू असता निर्मलजितसिंग सेखों यांनी धावपट्टीवरून उड्डाण केले, आणि प्राण देऊन परमवीरचक्र मिळविले, तो? हवाई दलातील तो एकमेव परमवीर. त्यांचे विमान रंगविणाऱ्याचा हात अंदाजावर चालता कामा नये.

तारीख ठरली की साक्षींची छाननी आली. ३ सप्टेंबर १९६५ रोजी ट्रेव्हर कीलर यांनी सेबर पाडल्याचे आपण मानतो व त्याबद्दल त्यांना वीरचक्र दिले गेले. पाकिस्तानी वृत्तान्त म्हणतो की ते सेबर जायबंदी झाले, पण तळावर परतले. बोयऱ्याच्या लढाईत आपण तीन सेबर पाडल्याचे सांगितले. दोन वैमानिक आपल्या हाती सापडले, तेव्हा त्या दोन विमानांबद्दल कोणासच वाद घालता येत नाही. तिसरे परत गेले असे पलीकडचे म्हणणे. त्या दोन बंद्यांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. तिसऱ्या सेबरची खूण विमानाच्या बाजूस उमटवावी की नाही, हा प्रश्न देशाभिमानाने सोडविण्याचा मोह होतो. आमच्या मते खूण दोनच विमानांची करावी. जे शत्रूसही नाकारता येत नाही तेवढेच रंगविण्यात शौर्याची कमतरता होत नाही.

त्याच ३ सप्टेंबरास आपले एक नॅट पाकिस्तानातील पसरूर येथील धावपट्टीवर उतरले. वाट चुकून उतरले असे आपण म्हणतो. आम्ही उतरविले असे ते म्हणतात. ते विमान कराचीच्या हवाई दलाच्या संग्रहालयात ठेवलेले आहे. १९६५ सालचे, युद्धाच्या पहिल्याच दिवसांत हाती सापडलेले नॅट मोजून पाहावे अशी कोणा भारतीयास इच्छा झाली तर त्याला नेमके तेथे जावे लागेल.

आमच्या प्रतिकृतीपुरते सांगावयाचे तर, नाकात शिशाचा एक तुकडा भरावा लागला, नाहीतर ती शेपटीवर बसते. चाकांच्या दारांचा निर्णय शेवटपर्यंत राहिला होता. नॅटमध्ये हीच दारे उडताना अर्धवट सोडून वेग आवरीत असत. शत्रूच्या मागे येऊन त्याला ओलांडून पुढे निघून जाऊ नये, याकरिता ती पेटरची युक्ती. आम्ही ती त्याच बेतात अर्धी उघडी चिकटविली आहेत आणि विमान एका तारेवर उभे केले आहे, सेबरच्या किंचित मागे व खाली.