घरीं परत आणलेल्या लॉऱ्या

लांबच्या बाजारांत जुनें वाहन विकत घेणें ही एक गोष्ट आणि तें घरीं आणून चालतें करणें ही दुसरी. आमच्याकडे बैलबाजारांत जनावराचे दांत पाहून किंमत ठरवितात. यंत्रालाहि दांते असतात. पण ते लोखंडी पेटींत झांकलेले, आणि किती झिजले हें पेटी उघडल्यावांचून कळत नाहीं. मग चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला लागतो. हा अनुभव एखाद्या हौशी गृहस्थालाच येतो असें नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडांतील एका मातबर कारखान्याला तो सुमारें ३,००० लॉऱ्यांच्या बाबतींत आला. ती हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटतें. कारण आपलें नांव राखण्यासाठीं माणसानें किती किंमत मोजावी, हा व्यापारांतील फार जुना प्रश्न तिच्यांत गुंतलेला आहे.

लँकेशायर परगण्यांत लेलंड नांवाचें गांव आहे. जेम्स समनर व हेन्री स्परिअर यांनीं १८९६ सालीं तेथें वाफेच्या मालगाड्यांचा कारखाना उभा केला. १९०७ पासून तो 'लेलंड मोटर्स' या नांवानें प्रसिद्धीस आला. युद्धापूर्वीं इंग्लंडच्या युद्धखात्यानें एक युक्ति योजिली होती. ठराविक नमुन्याची लॉरी घेणाऱ्या व्यापाऱ्यास सरकारनें कांहीं रक्कम द्यावी, आणि युद्ध पेटतांच त्यानें ती लॉरी सरकारच्या स्वाधीन करावी. शांततेच्या काळांत लॉरी पोसावी व्यापाऱ्यानें, आणि युद्धांत ती वापरावी सैन्यानें, असा हा हिशेब होता. १९१२ च्या चांचणींत लेलंडची लॉरी पसंत ठरली. पुढें युद्ध चाललें असतां या कारखान्यानें सैन्यास सुमारें ६,००० वाहनें पुरविलीं. त्यांतील पुष्कळ तीन टनी लॉऱ्या वैमानिक दलाकडे गेल्यामुळें त्या जातीस 'आर. ए. एफ. नमुना' असेंच म्हणूं लागले.

नोव्हेंबर १९१८ मध्यें युद्ध थांबलें आणि फ्रान्समध्यें पसरलेल्या या अफाट सामानाचें करावयाचें काय, हा प्रश्न उभा राहिला. केंट परगण्यांतील रिचबरो बंदरांतून रेल्वेचे डबे सरळ जहाजावर चढविण्याची सोय १९१८ च्या आरंभीं झाली होती. ज्या वाटेनें तोफा व रणगाडे गेले, त्याच वाटेनें पुष्कळसें सामान आतां परत येऊं लागलें. मोडक्यातोडक्या वाहनांसाठीं लंडनच्या पश्चिमेस स्लाऊ येथें मोठें आगार उघडलेलें होतें. सरकारनें १९२० सालीं तें आगार वाहनांसकट ७० लाख पौंडांहून अधिक किमतीस एका मंडळीला विकून टाकलें.

गिऱ्हाइकांची वाण नव्हती. सैन्यांत मोटार हांकावयास शिकलेले हजारों तरुण घरीं परतले होते. हातीं थोडा पैसा होता, नोकरी मात्र नव्हती. एक जुनी लॉरी घ्यावी आणि स्वतःचा धंदा करावा, हें त्यांतील पुष्कळांनीं ठरविलें. सप्टेंबर १९१९ अखेर रेल्वेचा संप झाला, तेव्हां लॉऱ्यांवरून धान्य व दूध पोंचवितां येतें हें सर्व देशानें पाहिलें होतेंच. पण ज्या त्या गांवीं लॉरीवाले झाले, भाडीं उतरलीं, आणि कित्येकांची पुंजी गाडीबरोबरच मोडीत निघाली. या बेबंद चढाओढीस परवान्यांचा लगाम घालणारा कायदा व्हावयास १९३३ साल उजाडावें लागलें.

लेलंडच्या चालकांना भीति पडली ती निराळी. कोणा अर्धवट कारागिरानें वरवर रंग देऊन विकलेली लॉरी रस्त्यांत मोडली, तर लोक त्या कारागिरास शिव्या देणार नाहींत. समोरच्या पाटीवर 'लेलंड' हीं अक्षरें आहेत, त्यांना देतील. शिवाय जुना माल मातीमोल मिळूं लागला, तर नवा कोण घेणार ? म्हणून त्यांनीं ठरविलें कीं, आपल्या लॉऱ्या आपणच परत घ्यावयाच्या. लंडनजवळ किंग्स्टनच्या शेजारीं हॅम येथें युद्धकाळांत सरकारनें विमानांचा कारखाना बांधला होता. तो लेलंडनें १९२० सालीं घेतला. मूळ गांव तेथून सुमारें २०० मैल. म्हणजे लेकरें परत आणावयाचीं, तर त्यांच्यासाठीं घरहि नवें घ्यावें लागलें. तेथें एकेक लॉरी पूर्ण सोडवावी, झिजलेला भाग टाकावा, नवा बसवावा, आणि पुन्हां जुळवून विकावी, असें काम सुरू झालें.

काम चोख झालें. पण १९२० च्या अखेरीपासून इंग्लंडांत मंदी पसरली. तेजींत घेतलेला माल मंदींत विकण्याची पाळी आली, आणि नीट केलेली जुनी लेलंड हीच नव्या लेलंडची मोठी प्रतिस्पर्धी ठरली. नव्या मालाच्या रक्षणासाठीं ज्या लॉऱ्या परत घेतल्या, त्यांनींच त्याची वाट अडविली. पुढील दोनतीन वर्षांत ही नामांकित संस्था दिवाळखोरीच्या कांठावर जाऊन उभी राहिली.

हा सौदा चुकला असें म्हणावयाचें काय ? केवळ त्या वर्षांची वही पाहणारा 'होय' म्हणेल. आमचें मत थोडें निराळें आहे. हेतु योग्य होता. चूक झाली ती प्रमाणाची व वेळेची. नांव राखणें म्हणजे नांवाची प्रत्येक पाटी विकत घेणें नव्हे. तथापि, नफा होऊन गेल्यावर मालाशीं आपला संबंध सरला असें या लोकांनीं मानलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. १९२५ नंतर याच कारखान्यानें 'लायन', 'टायगर', 'टायटन' या बसगाड्या काढल्या आणि तो पुन्हां वर आला. गिऱ्हाइकें त्याच्याकडे परत वळलीं, त्यांत त्या ३,००० लॉऱ्यांचाहि कांहीं वांटा असला पाहिजे, असें आम्ही समजतों.

लेलंड गांवीं १९८३ सालीं व्यापारी वाहनांचें संग्रहालय उघडलें. आपल्याकडे मद्रासेस १९४८ सालीं निघालेली 'अशोक मोटर्स' १९५५ मध्यें 'अशोक लेलंड' झाली, आणि आपल्या भंडाऱ्यासहि तिचा कारखाना आहे. घाटांत मालानें लादलेली एखादी गाडी आपल्यापुढें धांपा टाकीत चढत असते, आणि तिच्या पाठीमागें तें नांव दिसतें. एका दूरच्या गांवाचें तें नांव आहे, आणि तें राखण्यासाठीं एकदां कोणी आपलाच माल पदरचे पैसे घालून परत आणला होता, एवढें वाचकांनीं त्या वेळीं आठवावें.